नंदक्काचा नागर

लक्ष्मीबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. लक्ष्मीबाई म्हणजे बाळीवेशीत नंदक्काच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. ओट्यावर बसून विड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. फोन मात्र त्या कधी करत नाहीत. मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मला बरं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी जरा या की. नंदक्का दार उघडायली न्हाय." मी विचारलं, हाका मारल्यात का. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "खिडकीतनं दिसायलीय. बसलीय. पर बघायली न्हाय."

जुळे सोलापूरहून बाळीवेशीपर्यंत रिक्षात मी काय काय विचार केला ते आता आठवत नाही. शेजारच्या यंत्रमागावरच्या दोघांनी दार ढकलून उघडलं होतं. नंदक्का भिंतीला टेकून पाटावर बसली होती, पदर नीट खांद्यावर, हात मांडीत. समोर लाकडी ठोकळ्यावर वेणीत गुंफायचं काळ्या रेशमाचं गंगावन आणि त्यावर तिनं हातानं घडवलेला नागर, नवरीच्या वेणीवर बसवायचा नाग. त्याच्या मागे कपाटाचा मोठा आरसा, आणि आरशावर जुनी चादर टाकलेली. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले पहाटे कधीतरी हृदय थांबलं. वय पासष्टीच्या पुढे, रक्तदाब जुना, गोळ्या घेण्यात आळस. सगळं समजण्यासारखं. आमच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. आयुष्यभर कुणाला त्रास दिला नाही, तसं तिनं बसवायचंही काम आमच्यासाठी ठेवलं नव्हतं.

नंदक्का माझ्या थोरल्या काकांची मुलगी. नाव महानंदा, पण आमच्या घरात कानडी-मराठीची सरमिसळ, त्यामुळे ती सगळ्या धाकट्यांची अक्का. तिनं लग्न केलं नाही. स्थळं आली, बोलणी झाली, आणि दर वेळी कुठं ना कुठं विषय थंड पडला. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण आमच्या घराण्याबद्दल गावात काय बोललं जातं ते आम्हाला ठाऊक होतं. पण दुसऱ्यांची लग्नं मात्र तिच्याशिवाय अडायची. बाशिंगं तिच्या हातची, मुंडावळ्या तिच्या हातच्या. संक्रांत जवळ आली, गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहिले, की तिच्या घरी हलव्याच्या दागिन्यांसाठी सुनांच्या सासवा रांग लावायच्या. एकेका दाण्याला काटा यावा म्हणून ती शेगडीपुढे तासन् तास परात हलवत बसायची आणि मध्येच कुणी बोलायला लागलं की नुसतं बोट वर करायची. हलवा बिघडला तरी ती रागवायची नाही. आपण घाई केली तर मात्र अशी बघायची की आपणच परात हातात घ्यावी.

हे सगळं तिला शिकवलं गौरज्जीनं. गौरज्जी आमच्या आजोबांची धाकटी बहीण. मी तिला पाहिलं ते म्हातारी झाल्यावरच. लग्न होऊन सासरी गेली आणि हळदीचा रंग उतरायच्या आत विधवा होऊन परत आली. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होत असे, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पण गौरज्जीसाठी कुणी तो विषय काढला नाही, कारण नवरा गेला तो तिच्या नागरामुळे गेला असं ठरून गेलं होतं. नागर म्हणजे जडेनागर. कानडीत जडे म्हणजे वेणी. वेणीच्या मुळाशी फणा काढलेला नाग बसवायचा आणि त्याचं अंग वेणीवरून खाली सोडायचं, असा तो नवरीचा दागिना. नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते. म्हणजे तिच्या उजव्या बाजूला नवरा असतो आणि डावी बाजू उघडी. म्हणून नागराचा फणा नेहमी डावीकडे वळलेला हवा, मोकळी बाजू त्यानं राखायची, असं आमच्या घरातल्या बायका सांगत. तोच फणा उजवीकडे वळला तर तो नवऱ्यावर धरला जातो.

गौरज्जीचा नागर माहेरनं केला होता. लग्न झाल्या झाल्या स्टुडिओत जाऊन तिचा फोटो काढला, तो आमच्या घरात कायम भिंतीवर होता. गौरज्जी आपल्याकडे तोंड करून खुर्चीवर बसलीय, लहानशी, डोळे मोठे केलेले, डाव्या हातात रुमाल. वेणीवरचा दागिना फोटोत यावा म्हणून त्या काळी नवरीच्या मागे उंच आरसा उभा करत, तसा तो केला आहे. आरशात तिची पाठ दिसते, पाठीवर जाड वेणी, आणि वेणीवर नागर. त्याचा फणा उजवीकडे. नवरा तापानं गेल्यावर सासूनं हा फोटो पोतडीतून काढावा तसा काढला आणि आल्यागेल्याला दाखवला, बघा माहेरच्यांनी काय डोक्यावर देऊन पाठवलंय. नागर मोडून आटवला. सोनारानं काढून दिलेले डोळ्यांचे दोन लाल खडे तेवढे तिच्या पुढ्यात टाकले आणि फोटोसकट तिला परत पाठवलं. आमच्या आजीनं लग्नात स्वतः वेणी घातली होती, तिला नागर सरळ असल्याचं पक्कं आठवत होतं. पण फोटो समोर आल्यावर तीही म्हणायला लागली की सोनारानं चूक केली असेल आणि गडबडीत आपल्या लक्षात आलं नसेल.

एकदा नंदक्कानं गौरज्जीला सरळ विचारलं होतं, तुझा नागर खरंच उलटा होता का. गौरज्जी तेव्हा तिची वेणी घालत होती. म्हणाली, "माझ्या डोक्यामागं काय हुतं ते मी कुटं बघितलं, बाळ? समदे म्हणले, म्हंजे आसंल." आणि वेणीला असा हिसका दिला की नंदक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. गौरज्जी वेणी फार घट्ट घालायची. सैल वेणीत काहीही शिरतं, असं म्हणायची. घरातल्या सगळ्या पोरींच्या वेण्या तिच्याच हातच्या, पण कुणाला हळद लागली की ती मागच्या खोलीत जायची आणि वरात गेल्यावर बाहेर यायची. तिला कुणी जा म्हणायचंही नाही. ती आपणहून उठायची, आणि ते मला आजही सहन होत नाही. मरण्याआधी तिनं ते दोन लाल खडे पदराच्या गाठीतून सोडून नंदक्काच्या हातात ठेवले. फेकू नको म्हणाली, घालूही नको म्हणाली.

माझ्या अमृताचं लग्न ठरलं तेव्हा हा फोटो पुन्हा भिंतीवरून खाली आला. अमृता पुण्यात नोकरी करते, तिला जुन्या वस्तूंची भारी हौस. तिला तसाच जडेनागर हवा होता, बाजारातला नको, मावशीनं केलेला हवा. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणतो, पंच्याऐंशीच्या पुढची आहे आणि माझ्याकडेच असते. ती पलंगावरून म्हणाली, "शिवा शिवा. त्या वस्तूचं नाव घरात काढू नका." मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पोरांच्या तोंडच्या भुताखेतांच्या गोष्टींना हसण्यात माझी हयात गेली. मी अव्वालाही हसण्यावारी नेलं. पण नंदक्का हसली नाही. ती फोटो मांडीवर घेऊन म्हणाली की ती करणार, फक्त फणा सरळ करणार. फोटोतला उजवीकडे बघतो ना, आपला डावीकडे बघेल. या घरातली एक मुलगी सरळ नागर घालून लग्नाला उभी राहिली आणि तिचा संसार नीट झाला, की गौरज्जीच्या नावानं चाललेलं बोलणं संपेल. इतकं मोठं वाक्य तिच्या तोंडून क्वचितच यायचं. तिच्यासाठी तो दागिना नव्हताच, हे मला तेव्हा कळलं. ज्या म्हातारीनं तिला वाढवलं तिच्या डोक्यावरचं ओझं ती उतरवायला निघाली होती.

थंडी सरताना तिनं काम सुरू केलं. सोन्याचा विचार कुणी केला नव्हता. पितळेचा पत्रा, पितळी तार, मोती आणि जर. फोटोवर पातळ कागद ठेवून तिनं नागर उतरवून घेतला आणि मग कागद पालथा केला, म्हणजे फणा दुसऱ्या बाजूला गेला. त्या पालथ्या कागदावरून तिनं पत्रा कापला. ओळखीच्या सोनाराकडून लाखेचा लगदा आणला, तो गरम करून त्यावर पत्रा बसवायचा आणि मागच्या बाजूनं बारीक खिळ्यानं ठोकत ठोकत फण्याला फुगवटा आणायचा. पहिला फणा मानेत चिरला. दुसराही तिथंच चिरला. मी गेले तेव्हा ती दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन बघत होती, "मान धरायली न्हाय," एवढंच म्हणाली. तिसऱ्या वेळी पत्रा जरा जाड घेतला, तेव्हा मान धरली. मग दोरावर तार गुंडाळून नागाचं अंग केलं, त्यावर खवल्यांसारखे मोती शिवले. खोलीला लाखेचा जळका वास कायमचा लागला. शेजारच्या मागाची खटखट भिंतीतून यायची, आणि वीज गेली की ती एकदम थांबायची. अशा वेळी नंदक्का हातातलं काम थांबवून मान वळवून मागे बघायची. मी विचारलं काय झालं, तर म्हणायची काही नाही, वेणी ओढल्यासारखं वाटलं.

ती त्या दिवसांत फार उतरली होती. जिना चढताना धाप लागायची, विचारलं की उन्हावर ढकलायची, आणि सोलापूरच्या उन्हावर काय वाटेल ते ढकलता येतं. जेवणाकडे तर ती बघायचीच नाही. लक्ष्मीबाई भाकरी आणि शेंगाचटणी ठेवून जायच्या आणि ती तशीच वाळून कडक झालेली दुसऱ्या दिवशी मला दिसायची. अव्वा रोज मला विचारायची, झाला का तो. झाला नाही म्हटलं की तिला बरं वाटायचं. एकदा तिनं मला जवळ बोलावून बजावलं की काही झालं तरी ते लाल खडे तरी नंदाला बसवू देऊ नकोस, दुसरे आण. मी गंमत म्हणून नंदक्काला हे सांगितलं. ती म्हणाली, डोळे त्याचेच लागतील, नाहीतर त्याला मोकळी बाजू कुठली ते कळणार कसं.

डोळे शेवटी बसवायचे, आणि जिच्यासाठी नागर केला तिनं पाठ करून समोर बसायचं, ही गौरज्जीनं सांगितलेली रीत. अमृता दोन दिवसांची रजा काढून आली. ती भर दुपार होती, खिडक्यांना ओलं कापड लावलेलं. अमृता कपाटाच्या मोठ्या आरशाकडे पाठ करून पाटावर बसली, नंदक्का तिच्या मागे. तिनं तेल लावून वेणी घातली, गौरज्जीसारखीच घट्ट. अमृता हसत ओरडली, मावशी, डोकं सुटेल माझं. केसांत गंगावन गुंफलं, मुळाशी नागर बांधला आणि मग सुईच्या टोकानं एकेक खडा त्याच्या घरात बसवून कडा दाबल्या. डोळे बसल्यावर नागर वेगळाच दिसायला लागला. आतापर्यंत ते पितळ होतं; आता ते कुठंतरी बघत होतं. नंदक्का उठली, नवरी कशी दिसते बघू म्हणत पुढे माझ्याजवळ आली आणि वळली.

ती आहे तिथंच थांबली. मला वाटलं तिला चक्कर आली, म्हणून मी दंड धरला. तिनं हात सोडवला, कामासाठी नेऊन तिथल्या भिंतीवर लावलेला फोटो उतरवला आणि अमृताच्या खांद्याच्या रेषेत धरून उभी राहिली. समोर अमृता, मागे आरसा, आरशात तिची पाठ, वेणी आणि नागर... आणि आरशातला फणा उजवीकडे वळलेला. फोटोतल्यासारखाच. जो तिनं कागद पालथा करून मुद्दाम सरळ केला होता, तो आरशात उलटा दिसत होता. नंदक्कानं मला विचारलं की फोटोत रुमाल कुठल्या हातात आहे. मी म्हटलं, डाव्या. तिनं बोट रुमालावरून सरळ वर आरशापर्यंत नेलं. रुमालाचा हात आणि फणा एकाच बाजूला होते. इथं अमृताच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं, आणि आरशातला फणा घड्याळाच्याच बाजूला होता.

"सुमे," नंदक्का मला म्हणाली, "तिचा सरळच हुता गं."

पाठीवरचं डावं आरशात उजवीकडे दिसतं, हे अमृतानं लगेच मोबाईल काढून आम्हा दोघींना समजावून सांगितलं, जणू आम्ही आरसा पहिल्यांदाच बघत होतो. रोज त्याच्यात बघून आम्ही कुंकू लावलं, केस विंचरले, आणि एवढी वर्षं एका पोरीला दोषी ठरवणारा फोटो भिंतीवर लावून त्याच्याखाली जेवलो. फोटोतला आरसा कुणाला दिसलाच नाही, फक्त नाग दिसला. मला रडू आलं. अमृता टाळ्या वाजवत होती, म्हणजे गौरज्जीची काही चूकच नव्हती, म्हणजे मावशी तू तिला सोडवलंस. नंदक्का मात्र वेणीवरचा नागर सोडत होती. निघताना ती मला सोडायला ओट्यापर्यंत आली. अमृता पुढे गेली होती. तेव्हा ती म्हणाली, "मी दुसरा करायला गेले, आन् तिचाच करून बसले. डोळे बी तिचेच."

मी तिला म्हटलं, अगं, हे तर चांगलंच झालं. मला खरंच तसं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा आरशावर चादर होती. मी हसले, म्हटलं आरशाला थंडी वाजायली का गं. ती म्हणाली, एक नागर आपण केला, तो ठोकळ्यावर आहे, आणि एक तिथं आत बसलाय, तो सारखा बघतो. हे ती घाबरून म्हणत नव्हती. दुधाचं भांडं कुठं ठेवलंय ते सांगावं तसं सांगत होती. मी तिला माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणाली एक काम राहिलंय. गौरज्जीला कुणी सांगितलंच नाही. ती उलटा नागर घातला असंच समजून गेली. तिला सांगायला हवं.

ते काम तिनं केलं, हे मला तिला मातीत ठेवून परत आल्यावर लक्ष्मीबाईंकडून कळलं. आदल्या दिवशी भर उन्हात ती पिशवीत नागर घेऊन रुद्रभूमीत गेली होती, गौरज्जीला जिथं पुरलं आहे तिथं. दिवेलागणीला परत आली, लक्ष्मीबाईंच्या ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, सांगून आले. लक्ष्मीबाईंनी सहज थट्टेनं विचारलं, मग काय म्हणाली म्हातारी. त्यावर नंदक्कानं सुपातली एक विडी उचलली आणि परत ठेवली. "म्हणाली," असं सांगितलं तिनं लक्ष्मीबाईंना, "मग ते कशानं गेले?" एवढं बोलून उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

ऊन लागलं, दिवसभर पोटात काही नव्हतं, गोळ्या चुकल्या होत्या. मी हे मला स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. पाटाची जागाही मी बघितली होती. ती ठोकळ्याच्या अगदी समोर बसली असती तर गोष्ट वेगळी, पण पाट सरकवलेला होता, ज्या बाजूला नागर बघतो त्या बाजूला. हे माझ्या लक्षात यावं याचाच मला राग येतो.

काही दिवस उलटल्यावर मी अव्वाला सगळं सांगायचं ठरवलं. लक्ष्मीबाईंचं बोलणं नव्हे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, नुसतं आरशाचं. मला वाटलं या म्हातारीनं सून म्हणून आल्यापासून गौरज्जीला मागच्या खोलीत जाताना पाहिलं, डोळे मिटण्याआधी तिला तरी खरं कळावं. मी फोटो तिच्या हातात दिला, रुमाल दाखवला, हातातला आरसा धरून फणा कसा फिरतो ते दाखवलं. अव्वानं सगळं नीट ऐकून घेतलं. मोतीबिंदूचे डोळे फोटोच्या अगदी जवळ नेले. मला वाटलं ती रडेल. तिनं फोटो उपडा करून मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "मग ते कशानं गेले?"

ते म्हणजे गौरज्जीचा नवरा. ताप आला आणि गेले, त्या काळी माणसं तापानं जात. पण अव्वा काय विचारत होती ते मला कळलं, आणि नंदक्काला ओट्यावर काय कळलं होतं तेही. नागर उलटा होता तोवर सगळं ठीक होतं. तोवर कारण होतं, आणि कारण होतं म्हणून उपायही होता. सरळ करा, मोकळी बाजू राखली जाईल, मुलगी सुखात राहील. आता त्याचं काय? सरळ नागर घालून, डावीकडे फणा करून, सगळं रीतीप्रमाणे करून गौरज्जी उभी राहिली होती, आणि तिची मोकळी बाजू कुणीच राखली नाही. नंदक्कानं मेहनतीनं, तीनदा पत्रा कापून जो घडवला तो तोच नागर आहे. मी या गोष्टींना हसणारी बाई आहे. तरी लिहिते, मला भीती वाटते.

अमृताचं लग्न अक्षय्यतृतीयेला आहे. मी तिला म्हटलं, दिवस उलटले असले तरी मावशी नुकतीच गेली, नागर या वेळी राहू दे. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की माझं मलाच वाईट वाटलं. आपण तो घातला नाही तर गौरज्जी पुन्हा मागच्या खोलीत जाईल, असं म्हणाली ती. तिचं बरोबर आहे. तिला फोटोही तसाच हवाय, समोर तोंड करून, हातात रुमाल, मागे मावशीच्या कपाटाचा आरसा. म्हणून टेम्पो करून तो आरसा माझ्या घरी आणलाय. चादर तशीच आहे, मी काढलेली नाही. केस मी न्हाणीघरातल्या छोट्या आरशात बघून विंचरते. नागर डब्यात आहे, डबा माझ्या कपाटात. होणाऱ्या जावईबापूंना परवा ताप येऊन गेला, साधाच, दोन गोळ्यांत उतरला. फोनवर तेच मला हसत सांगत होते, आणि मी अव्वाला काही बोलले नाही.

जुन्या फोटोच्या पाठीवर मी पेनानं स्वच्छ लिहून ठेवलंय, मागे आरसा आहे, नागर सरळ होता. पुढं कुणी बघितलं तर चुकायला नको. नव्या फोटोच्या पाठीवरही तेच लिहावं लागेल, कारण आरशात तोही उलटाच येणार आहे, आणि सगळं नीट झालं तर ते वाचायची गरज कुणालाच पडणार नाही.

नव्या फोटोवर लिहायला तेच पेन चादरीजवळ, आरशाखालच्या फळीवर ठेवलंय.